दोन सीटचं अल्ट्रालाइट विमान घरी बनवायचं, तर सुरुवात कुठून करावी?

निपाणीत तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, रोटॅक्सचं 80 अश्वशक्तीचं इंजिन मिळतंय, तर सांगाडा वेल्डिंगला घ्यावा का, असं विचारलंय. नको. आधी प्रत्येक भागाच्या वजनाची वही घाला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूममध्ये आयुष्य काढलं. आम्ही चौघांनी असंच एक विमान करायला घेतलं होतं. सांगाडा काट्यावर चढवला, तर हिशोबापेक्षा 41 किलो जास्त! दोष सवयीचा. इथं शंका आली की दोन मिलिमीटर जाडी वाढवायची, गिऱ्हाईक खूश. पंपाच्या कास्टिंगला ते चालतं, विमानाला नाही.

माणसं-पेट्रोल धरून 450 किलोचं विमान धरा. दोन माणसं 170, पेट्रोल 50 लिटर म्हणजे 36 किलो. उरले 244. त्यातले सत्तर-पंच्याहत्तर इंजिन आणि त्याचं सामानच खातं. पंख, चाकं, सीटा, काचा, रंगसुद्धा उरलेल्यात बसवायचा.

खरी डोकेदुखी दुसरी सीट. ती कधी भरलेली, कधी रिकामी. एकट्या पायलटचं विमान 370 किलोचं असेल आणि 80 किलोचा माणूस गुरुत्वमध्यापासून, म्हणजे विमान जिथं तोललं जातं त्या जागेपासून, 90 सेंटिमीटर मागं बसला, तर मध्य 16 सेंटिमीटर मागं सरकतो. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी 1.4 मीटर असेल, तर चालण्याजोगी सगळी मुभा जवळपास तिथंच संपते. मध्य फार मागं गेला की नाक वर जातं आणि शेपूट ते सावरू शकत नाही. म्हणून एकामागं एक बसवायचं असेल, तर मागची सीट मध्यावरच ठेवतात आणि एकटा पायलट पुढं बसतो. शेजारी-शेजारी सीटा मध्याजवळ आल्या, तर हेच सरकणं दोन-तीन सेंटिमीटरवर येतं. पहिल्या विमानाला मी तेच सांगेन, रुंदीमुळं हवेचा अडथळा थोडा वाढला तरी.

आणखी एक, परदेशी आराखड्यातले आकडे समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव साधारण 750 मीटरवर. उन्हाळ्यात हवा आणखी विरळ, इंजिनाचा जोर कमी, धाव लांब. धावपट्टी त्या हिशोबानं बघा. डीजीसीएकडं, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडं, मात्र आराखडा कागदावर असतानाच जा, विमान झाल्यावर नव्हे.

पंखाची परीक्षा वाळूच्या पोत्यांनी घेतात. आमच्याकडं साखरेची मिळाली. उडताना हवा पंखाला वर ढकलते, म्हणून पंख उलटा बांधायचा आणि पोती ठेवत जायची. विमानाच्या वजनाच्या चारपट भाराला पंख कायमचा वाकता कामा नये, त्याच्या दीडपटीला, म्हणजे सहापटीला, मोडता कामा नये. एका पंखावर 50 किलोची सुमारे दोन डझन पोती लागतात. टोकाकडं कमी, मुळाकडं जास्त. आमच्या पंखानं विसाव्या पोत्याला कुरकुर केली, बावीसाव्याला मधला रिव्हेट सुटला. पोती कारखान्याला परत करायची होती, एक फाटलं होतं, त्याचे पैसे मी भरले.