कांद्याच्या मुळीत मेटाफेज शोधताना
बाबू, पहिल्या स्लाईडमधी मेटाफेज (पेशी विभाजनात गुणसूत्रं मधोमध येतात तो टप्पा) दिसला नाही म्हणून नाराज नको होऊ, बहुतेक पेशी इंटरफेजमधीच (विभाजन चालू नसतानाच्या अवस्थेत) असतात, मलेही दोन दिवस नुसते गोल केंद्रकच दिसले होते. मुळी सकाळी काप अन् टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घे, वरचा भाग घेशील तर विभाजन सापडणारच नाही.

आता मेन गोष्ट. गुणसूत्रं मधोमध येतात ते पीटीच्या तासाला लाईन लावल्यासारखं नाही, प्रत्येकाच्या दोन क्रोमॅटिडले (एकाच गुणसूत्राच्या जोडलेल्या दोन सारख्या प्रतींले) पेशीच्या दोन्ही ध्रुवांकडून, म्हणजे टोकांकडून, स्पिंडलचे (गुणसूत्रं ओढणाऱ्या जाळ्याचे) धागे धरतात, इकडून ओढ तिकडून ओढ, मागंपुढं सरकत सरकत ते मधात येऊन थांबते, अन् एखाद्याले जरी धागा नीट लागला नसन तर पेशी बाकीच्यायले पण थांबवून ठेवते, मले तर हेच सगळ्यात भारी वाटते. कांद्याची गुणसूत्रं 16, सगळी धरल्या जाईपर्यंत ॲनाफेज (क्रोमॅटिड वेगळे होऊन टोकांकडं जायचा टप्पा) सुरू होत नाही.

आणखी एक, बाजूनं पाह्यलं तर जाड आडवी पट्टी दिसते पण ध्रुवाकडून पाह्यलं तर तोच मेटाफेज पसरलेल्या गुच्छासारखा दिसते, मी त्यालेच प्रोफेज (मेटाफेजच्या आधीचा टप्पा) समजून जर्नलमधी आकृती काढली होती, सरांनी पूर्ण पान खोडलं. केंद्रकाचं आवरण गेलं का ते आधी पाह्य, असन तर तो प्रोफेज.