डिझेल-इलेक्ट्रिक आणि डिझेल-मेकॅनिकल रेल्वेत फरक काय, कोणती भारी?

भाऊ, केळीनं भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचा क्लच सोडला की कसा हिसका बसतो, डिझेल-मेकॅनिकलचं तसंच, इंजिनाची ताकद क्लच-गिअरबॉक्समधून थेट चाकाला, म्हणून हलकं नि स्वस्त पडतं, ब्रिटनमधे 1950 च्या दशकातल्या बऱ्याच रेलकार (स्वतःचं इंजिन असलेले प्रवासी डबे) अशाच होत्या. पण हजारो टनांची मालगाडी उचलायची तर गिअर-क्लच टिकत नाहीत. तिथे डिझेल-इलेक्ट्रिकच पाहिजे, वजन नि किंमत जास्त असली तरी. त्यात इंजिन फक्त वीज बनवतं, चाकं फिरवतात एक्सलवरच्या मोटरी, आणि त्यांचा जोर गाडी सुटतानाच सगळ्यात जास्त. सुरत-जळगावच्या तापी लाईनवर वीज यायच्या आधी अमळनेरला बघायचो, 2600 हॉर्सपॉवरचं डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन आधी घुमायचं, काळा धूर सोडायचं, मग डब्यांमधलं एकेक कपलिंग खडखडत ताणलं जायचं, गिअर बदलल्याचा झटका कुठेच नाही.