जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा रिमोट धुळे-जळगावात मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, एक चावी आधीच्या मालकानेच हरवली, उरलेल्या चावीने गाडी चालू होते पण बटण दाबलं तर काहीच होत नाही, आणि धुळ्यातल्या लोकांनी सांगितलं की हे सगळं काढून लोकल सेंट्रल लॉक बसवून घ्या. बाकीच्या प्रश्नावर मी गप्प बसलो असतो पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. बसवू नका. पुढचं वाचा नाहीतर नका वाचू, पण एवढं ऐका.

माझ्याकडेही हीच गाडी आहे, पिवळी, एमएच १९ पासिंग. वडलांनी रावेरकडच्या एका केळीवाल्याकडून घेतली होती. १.८ लिटर टर्बो, एकेका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर, युरोपातल्या आरएसला १८० होती पण आपल्या रस्त्यांना १५० सुद्धा पुरून उरते. तुमच्याकडे आहे म्हणजे तुम्हाला हे सांगायची गरज नाही. मुद्दा एवढाच की ही गाडी ज्याच्या दारात आहे त्याने ती जीव लावून ठेवलेली असते, आणि ज्याच्या दारात नाही त्याला ती जुनं भंगार वाटते. आमचे दाजी दुसऱ्या गटातले.

दाजी धुळ्याचे, ताईचे मिस्टर, माणूस दिलदार पण घोड्यांचा नाद भारी. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार असतो, तिथे त्यांना दरवर्षी जायचंच असतं. त्या वर्षी सोबत पाहुणे होते म्हणून आमची गाडी मागितली, जावयाला नाही म्हणणं वडलांच्या स्वभावात नव्हतं, दिली. रात्री फोन आला, चावी गर्दीत कुठेतरी पडली. रिमोटवाली चावी ती एकच होती. घरात दुसरी होती ती साधी, बटणं नसलेली, आत फक्त चिप. ती खिशात घालून मी भुसावळ-सुरत लाइनच्या गाडीत बसलो, दोंडाईचाला उतरलो, तिथून जीपने सारंगखेडा, आणि यात्रेच्या धुळीत उभी असलेली गाडी घेऊन घरी आलो. दाजी वाटेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बाराशेनं किट बसाडी टाक आन् मोकया व्हय." त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक भरीत पार्टीला हाच विषय. शेतात वांगी भाजली जातायत, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातायत आणि दाजी पाहुण्यांना सांगतायत की आमचा शालक एका रिमोटसाठी गावोगाव हिंडतोय. आता सगळ्यांना सांगतो की का हिंडलो.

या गाडीत चावी म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक दुकानदार त्या मुद्दाम किंवा अडाणीपणाने एकत्र करून सांगतात. चावीच्या वरच्या तुकड्यात पातं आणि एक बारीक चिप असते. चिपला सेल लागत नाही, इग्निशनच्या भोवती जी कॉइल आहे ती तिला वाचते आणि मग इमोबिलायझर इंजिनाला परवानगी देतो. चुकीची चिप असेल तर इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं आणि मीटरमधली चावीची लाइट लुकलुकते. खालचा तुकडा म्हणजे बटणांचा रिमोट, तो रेडिओवर बोलतो आणि दरवाज्यांच्या कम्फर्ट मॉड्यूलशी, म्हणजे लॉक सांभाळणाऱ्या कंट्रोल डब्याशी बोलतो, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. तुमची गाडी चालू होतेय म्हणजे तुमची चिप चांगली आहे, तुम्हाला फक्त खालचा तुकडा हवाय. आणि हा तुकडा गाडीला जोडायला पिन, म्हणजे इमोबिलायझरचा गुप्त कोड, लागत नाही. पिन लागतो तो नवीन चिप जोडायला. मला एका शहरातल्या चावीवाल्याने रिमोट जोडायला पिन काढावा लागेल म्हणून असा आकडा सांगितला होता की त्यात चारही टायर आले असते.

पण नवीन घ्यायच्या आधी जुना खरंच मेलाय का ते बघा. सेल बदला, जुन्या सेलवर जो नंबर आहे तोच घ्या, सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, त्याच्या जागी पातळ सेल कागदाची घडी घालून बसवून देतात तसलं करू नका. नंतर बटण दाबा आणि मिनिटभराच्या आत ड्रायव्हरच्या दाराला चावी घालून उघडा, रेंजच्या बाहेर बटण खूप वेळा दाबलं गेलं असेल तर रिमोट आणि गाडीचा कोड पुढेमागे होतो तो याने जुळतो. हे फुकट आहे आणि कोणी सांगत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात रिमोटची लाइट दिसते का बघा असं काही जण सांगतील, ते टीव्हीच्या रिमोटचं आहे, याला लागू नाही. अजून एक, चावीने ड्रायव्हरचं दार लॉक केल्यावर बाकीची दारं लॉक होतात का ते नीट बघा. एखादंच दार ऐकत नसेल तर दोष रिमोटचा नाही, त्या दाराच्या लॉकमधला छोटा स्विच गेलेला असतो, या गाड्यांचं ते जुनं दुखणं आहे. बटणाचं रबर फाटलं असेल किंवा आतला स्विच दबत नसेल तर मोबाईल रिपेअरवाला तो बदलून देतो, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत चावी डॅशबोर्डवर टाकून ठेवली की रबराचं काय होणार.

एवढं करूनही काही नाही झालं तर मग रिमोट शोधा. चावीच्या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत नाणं घालून हलकंच उचका, वेगळे होतात. खालच्या तुकड्यावर बारीक अक्षरात नंबर असतो, १ जे ० ९५९ ७५३ आणि पुढे एक-दोन अक्षरं. तुमचा रिमोट तोच आहे, शेवटच्या अक्षरांसकट तोच मागा. दुसरं बघायचं म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांना ४३३ मेगाहर्ट्झ, अमेरिकेतल्या गाड्यांना ३१५. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, बटणं तीच, घडी तीच. मी पहिला मागवला तो ऑनलाइन, फोटोत हुबेहूब, वर्णनात ऑक्टाव्हिया लिहिलेलं, आला तो ३१५ चा. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तुमच्या गाडीत दोष असेल. परत घेतला नाही. दाजींना हे कळलं त्या दिवशी त्यांचा फोन आला होता, मी उचलला नाही.

आणि आरएसचा रिमोट म्हणून वेगळा शोधत बसू नका, कोणी आरएसच्या नावाने जास्त पैसे मागत असेल तर तिथून उठा. साध्या ऑक्टाव्हियाचा, अगदी डिझेलवालीचा सुद्धा चालतो, नंबर आणि फ्रिक्वेन्सी जुळली की झालं. आणि साध्या ऑक्टाव्हिया आपल्याकडे खूप विकल्या गेल्यात, जोडल्या जात होत्या तेच मुळी अजिंठ्याच्या पलीकडे, औरंगाबादच्या शेंद्र्याला. जळगाव-धुळ्याच्या दुकानात तयार रिमोट मिळेल या आशेवर राहू नका, मला मिळाला नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे पार्ट विकणारे आहेत, दिल्लीला कश्मीरी गेटला आहेत, पण मला मिळाला तो घाट चढून पलीकडे, एक ऑक्टाव्हिया ठोकून भंगारात गेली होती तिच्या चावीचा. वापरलेला रिमोट चालतो, हे लक्षात ठेवा, तो दुसऱ्या गाडीला जोडता येतो. वापरलेली चिप चालत नाही, ती एकदा एका गाडीला जोडली की तिचीच होऊन बसते. भंगारवाला अख्खी चावी विकायला बघेल, तुम्ही खालचा तुकडा घ्या आणि वर तुमचंच पातं ठेवा.

जोडायला ज्याच्याकडे व्हीसीडीएस, म्हणजे या गाड्या तपासायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, आहे असा माणूस गाठा, जुने लोक त्याला अजून व्हॅग-कॉम म्हणतात. लॅपटॉप लावायचा, ४६ नंबरचं मॉड्यूल उघडायचं, किती रिमोट ते भरायचं, मग प्रत्येक रिमोटचं बटण दाबायचं, चारपर्यंत जोडता येतात. जोडायच्या आधी जुने सगळे पुसून टाकायला सांगा, म्हणजे आधीच्या मालकाने हरवलेल्या रिमोटने कोणी तुमचं दार उघडणार नाही. मला संभाजीनगरला असा एक पोरगा भेटला, त्याने या गाड्यांवर बरीच वर्षं काम केलेलं, गाडीत बसला आणि माझा चहा संपायच्या आत काम झालेलं. बटण दाबलं, चारही इंडिकेटर लागले, चारही दारांचा तो एकदम एकच आवाज आला. वडील सोबत होते. त्यांनी माझ्या हातातून चावी घेतली आणि स्वतः दाबून बघितली, मग पुन्हा एकदा दाबली. दाजींना त्यांनीच फोन लावला.

आता ते बाराशेचं किट. ते बसवणारा पहिलं काम काय करतो तर दारातल्या वायरी कापतो. या गाडीत कम्फर्ट मॉड्यूल एकट्या लॉकचं काम बघत नाही, काचा पण तेच बघतं. उन्हात उभ्या गाडीच्या ड्रायव्हर दाराला चावी घालून उघडायच्या बाजूला धरून ठेवली की सगळ्या काचा खाली येतात, कोंडलेली गरम हवा निघून जाते, मग बसायचं. जळगावच्या मे महिन्यात याची किंमत काय ते दाजींना विचारा, कारण त्यांच्या स्वतःच्या गाडीत तसलं किट आहे, सिग्नलला उभी असताना दारं आपोआप उघडतात आणि दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. त्याहून वाईट म्हणजे काही जण सांगतात की चिप चावीतून काढा आणि स्टिअरिंगच्या कव्हरखाली चिकटवून टाका, मग कुठलीही साधी चावी चालते. चालते ना, चोराची पण चालते. उंबऱ्याखाली चावी ठेवून दाराला कुलूप लावण्यासारखं आहे ते. आणि उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी गाडीच्या सगळ्या चाव्या मागते, तेव्हा काय दाखवणार?

दाजींचं दुसरं पालुपद असतं की १५ वर्षं झाली, आता कसाले पैसा घालस, भंगारमा दी टाक. खाजगी गाडी १५ वर्षांनंतर आरटीओकडे फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी पुन्हा पास होते, आमची झालीय. जिचं इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स धडधाकट आहे ती गाडी एका मुठीएवढ्या रिमोटसाठी भंगारात द्यायची हा हिशोब मला कधीच पटला नाही आणि पटणार नाही. माणसं बैल म्हातारा झाला तरी दावणीला ठेवायची आपल्याकडे, दाजींच्या वडलांनी ठेवला होता, मी बघितलाय.

काही गोष्टी राहिल्या. मी जे सांगितलं ते पहिल्या ऑक्टाव्हियाचं, त्यानंतरच्या पिढीच्या लॉराला हे लावू नका, तिची चावी वेगळ्या पद्धतीने जोडली जाते. रिमोट चांगला असूनही जोडला जात नसेल तर कम्फर्ट मॉड्यूल तपासून घ्या, त्यात पाणी गेलं असेल तर शंभर रिमोट आणले तरी उपयोग नाही. आणि तुमच्याकडे आता एकच चावी आहे, ही खरी काळजीची गोष्ट आहे, रिमोटपेक्षा मोठी. ती आहे तोवर दुसरी चिपवाली चावी करून घ्या. त्याला मात्र चार आकडी पिन लागेल, आणि पातं आतून नाली कोरलेलं असतं, स्टँडजवळच्या साध्या डुप्लिकेट मशीनवर ते निघत नाही, कोरायचं मशीन असलेला माणूसच हवा, नाशिक-इंदूरकडे चौकशी करा. जोडताना जुनी चावी सोबत न्या, कारण त्या वेळी जी चावी हजर नसेल ती मेमरीतून जाते. तुमच्या केसमध्ये ते चांगलंच, हरवलेल्या चावीने मग इंजिन चालू होणार नाही, पण पात्याने दार अजून उघडेल, म्हणून गाडीत कागदपत्रं ठेवू नका. सगळ्या चाव्या हरवल्यावर पिन मीटरमधून काढावा लागतो, तेव्हा पैसे विचारू नका किती लागतात.

आणि दुसरी चावी होईपर्यंत गाडी कोणालाही देऊ नका, जावई असला तरी.