वाचकांचे प्रश्न : कार्बन डायऑक्साइड, प्रकाश आणि धातू

प्रश्न : सूर्यप्रकाश आणि धातूचा उत्प्रेरक वापरून कार्बन डायऑक्साइडपासून इंधन तयार केल्याच्या बातम्या वरचेवर वाचनात येतात. यात धातू नेमके काय करतो? आणि हे साधले असेल, तर अजून वापरात का आले नाही?

उत्तर : कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेतला आणि अत्यंत स्थिर असतो. त्याला एकच इलेक्ट्रॉन द्यायचा म्हटले, तर तो वाकवावा लागतो आणि त्यासाठी उदासीन पाण्यात उणे १.९ व्होल्टच्या आसपासचे विभव (इलेक्ट्रॉन ढकलणारा विद्युत दाब) लागते, जे बहुतेक प्रकाश-उत्प्रेरकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. मात्र दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळाले, तर कार्बन मोनॉक्साइड बनण्यासाठी उणे ०.५३ व्होल्ट पुरतात. धातूची गरज भासते ती इथेच. धातूचा अणू कार्बनला स्वतःशी बांधून घेतो, वाकलेल्या रेणूला आधार देतो आणि पुढचा इलेक्ट्रॉन येईपर्यंत त्याला निसटू देत नाही. ही पकड किती घट्ट आहे, यावरही बरेच काही अवलंबून असते. चांदीच्या पृष्ठभागावरून कार्बन मोनॉक्साइड लगेच सुटून जातो. तांबे त्याला बेताचे धरून ठेवते, म्हणूनच तांब्यावर मिथेन किंवा इथिलीनपर्यंत मजल जाऊ शकते. मिथेनसाठी तर एकूण आठ इलेक्ट्रॉन लागतात.

१९७९ मध्ये फुजिशिमा, होंडा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकांची पूड पाण्यात मिसळून, त्यावर प्रकाश टाकून फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड व मिथेनॉल मिळवले. टायटॅनियम डायऑक्साइड स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण तो मुख्यतः अतिनील किरणच शोषतो, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के असतो. १९८३ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ-मारी लेन यांच्या गटाने रेनियम या दुर्मिळ धातूचे संयुग वापरून दृश्य प्रकाशात कार्बन मोनॉक्साइड मिळवला. २०१७ मध्ये लोहाच्या पॉर्फिरिन संयुगाने (कड्यासारख्या सेंद्रिय रेणूच्या मधोमध लोहाचा अणू असलेल्या संयुगाने) दृश्य प्रकाशात मिथेनही मिळाला. लोहासारख्या मुबलक धातूने हे काम करावे, ही मला या क्षेत्रातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटते.

तरीही अशी बातमी वाचताना दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. पहिली, इलेक्ट्रॉन आले कोठून? वर सांगितलेल्या रेनियम आणि लोह या दोन्ही प्रयोगांत ते अमाइन गटातल्या (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय) रसायनांकडून घेतले होते आणि ती रसायने त्यात खर्ची पडत होती. अशा रसायनावर चालणारी पद्धत अभ्यासासाठी मोलाची असली, तरी ती इंधननिर्मिती नव्हे. इलेक्ट्रॉन पाण्याकडूनच यायला हवेत, आणि सोबत ऑक्सिजन योग्य प्रमाणात बाहेर पडलेला मोजून दाखवायला हवा.

दुसरी, इंधनातला कार्बन खरोखर कार्बन डायऑक्साइडमधलाच आहे का? उत्प्रेरक बनवताना त्यावर राहिलेले सेंद्रिय अंशही प्रकाशात विघटित होऊन कार्बन मोनॉक्साइड किंवा मिथेन देतात. उत्पादन मायक्रोमोलमध्ये, म्हणजे अगदी सूक्ष्म प्रमाणात, मोजले जात असताना एवढी भेसळ सहज फसवू शकते. म्हणून कार्बन-१३ हा समस्थानिक (कार्बनचाच किंचित जड प्रकार) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरतात. उत्पादनातला कार्बन त्यातूनच आला असेल, तर वस्तुमान वर्णपटात (रेणूंचे वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखात) कार्बन मोनॉक्साइडची रेघ २८ ऐवजी २९ वर दिसते. ही चाचणी न केलेल्या दाव्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

राहिला वापराचा प्रश्न. पाण्यात कार्बन डायऑक्साइड फार कमी विरघळतो, २५ अंश सेल्सिअसला आणि एका वातावरण दाबाखाली लिटरमागे जेमतेम दीड ग्रॅम. शिवाय त्याच पाण्यातले प्रोटॉन इलेक्ट्रॉन पळवून हायड्रोजन बनवतात. त्यात उत्प्रेरक दीर्घकाळ टिकवण्याची अडचण आहेच.

प्रश्न : असे इंधन जाळल्यावर तोच वायू पुन्हा हवेत जाणार, मग उपयोग काय?

उत्तर : वायू परत जातो हे खरे आहे, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड कायमचा कमी करण्याचा हा मार्ग नाही. पण हवेतून घेतलेलाच कार्बन परत हवेत गेला आणि बनवण्याची सगळी ऊर्जा प्रकाशातून आली, तर भूगर्भातले तेवढे तेल किंवा वायू जाळावे लागत नाही.