गेममध्ये सिनेमातले डायलॉग आणि ओळखीची पात्रं घालायची का?

तुझा प्रश्न मला असा कळला: चाळीच्या जिन्यावरून उड्या मारत वर पळायचा मोबाइल गेम करतोयस, हिरो एका गाजलेल्या मराठी सिनेमातल्या पात्रासारखा दिसतो, मधे मधे सगळ्यांना पाठ असलेले डायलॉग वाजतात, आणि मित्र सांगतायत की ऑडिओ सात सेकंदांच्या आत ठेव, चित्र तीस टक्के बदल, मग कॉपीराइट लागत नाही. गेमचं तात्पुरतं नाव सिनेमाच्या नावावर कोटी करून ठेवलंयस, डायलॉग मिमिक्री करणाऱ्या मित्राकडून रेकॉर्ड करून घ्यायचा बेत आहे, आणि आत्तापर्यंत तयार झालेला गेम, म्हणजे बिल्ड, मला खेळायला पाठवलंयस. वर तुला ही पण शंका आहे की उड्या मारत वर जायचं हेच मुळात दुसऱ्यांचं, मग आपला गेम ओरिजिनल कसला.

आधी ते सात सेकंद नि तीस टक्के डोक्यातून काढ. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा कुठेही नाही. फुकट देतोय किंवा क्रेडिटमध्ये नाव टाकलंय म्हणूनही परवानगी मिळाली असं होत नाही. कलम ५२ मध्ये सवलती आहेत, पण त्या खाजगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, बातम्या अशा कामांसाठी, प्ले स्टोअरवरच्या गेममध्ये गंमत म्हणून डायलॉग वाजवणं त्यात बसवायला फार ओढाताण करावी लागेल. आणि सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो, म्हणजे १९९० चा सिनेमा २०५० संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे.

उड्यांची काळजी मात्र सोड. खेळायची पद्धत, नियम, कल्पना यांना कॉपीराइट नसतो, सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पना आणि तिची मांडणी यातला फरक नाटक-सिनेमाच्या बाबतीत स्पष्ट केलाय आणि तेच तत्त्व इथेही लागतं. पेटंट हा वेगळा विषय. भारतात कायद्यानेच खेळ खेळायच्या पद्धतीला पेटंट नाकारलंय, पण बाहेर तसं नाही, २०२४ मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने आणि पोकेमॉन कंपनीने पालवर्ल्ड हा गेम करणाऱ्यांवर टोकियोत जो दावा टाकला तो कॉपीराइटचा नव्हे, पेटंटचाच आहे.

आता खरं सांगायचंय ते हे, आणि तुझा गेम वर चढायचा आहे म्हणून वर चढायच्या गेमचंच उदाहरण देतो. निन्टेन्डोला १९८१ च्या सुमारास पॉपाय या कार्टूनमधल्या खलाशाचा गेम करायचा होता. तेव्हा हक्क मिळाले नाहीत. आता त्यांचा डिझायनर शिगेरू मियामोतोला सोपं होतं, पॉपायची टोपी बदलायची, पाइप काढून टाकायचा आणि 'तीस टक्के बदललं' म्हणायचं. त्याने ते केलं नाही. एक दांडगा, एक बाई, आणि तिला सोडवायला धडपडणारा छोटा माणूस हे तिघांमधलं नातं त्याने ठेवलं आणि माणसं नवी आणली, दांडग्याच्या जागी गोरिला, छोट्या माणसाच्या जागी पुढे ज्याला आपण मारिओ म्हणून ओळखायला लागलो तो. डाँकी काँग हा गेम असा झाला. पॉपाय मिळाला असता तर मारिओ कदाचित जन्मालाच आला नसता!

गोरिला आणि नावातला 'काँग' बघून युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीने १९८२ मध्ये किंग काँग या सिनेमातल्या गोरिलाच्या नावावर दावा ठोकला. तो कोर्टात टिकला नाही, एक तर दोन्ही गोरिलांचा स्वभावच वेगळा, इकडे विनोदी आणि तिकडे भयानक, आणि दुसरं म्हणजे याच युनिव्हर्सलने काही वर्षं आधी आपला किंग काँगचा रिमेक करता यावा म्हणून कोर्टात जाऊन ती गोष्ट कुणाच्याच मालकीची उरलेली नाही असं सिद्ध करून घेतलं होतं. हा खटला प्रत्येक गेम डिझायनरने वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण किंग काँगची आठवण गेममध्ये आहेच, कुणी नाकारत नाही, पण ती आठवण काढून घेतली तरी पिंपं चुकवत शिड्या चढायची मजा जशीच्या तशी उरते.

उलटं उदाहरण झिओ कंपनीचं. त्यांनी आयफोनवर मिनो नावाचा गेम काढला, टेट्रिससारखा. कायदा वाचून केला होता, नियमांना कॉपीराइट नाही म्हणून आम्ही फक्त नियम घेतले असा त्यांचा बचाव होता. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या कोर्टाने तो फेटाळला. वरून पडणारे तुकडे जुळवून ओळ घालवणं कुणीही करावं, पण २० बाय १० ची तीच पाटी, तेच तुकडे, तसेच रंग, तुकडा कुठे पडेल ती तशीच सावली, हे सगळं एकत्र उचललं की ते नियम राहत नाहीत, दुसऱ्याचा चेहरा होतो.

आपल्याकडे कोलकात्याच्या अगरवाला भावांच्या स्क्रॅब्युलसचं, म्हणजे स्क्रॅबल या शब्द जुळवायच्या खेळासारख्या ऑनलाइन गेमचं, असंच पण थोडं निराळं झालं. २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अंतरिम आदेशात स्क्रॅबलच्या बोर्डावरचा कॉपीराइटचा दावा मान्य केला नाही, पण स्क्रॅब्युलस हे नाव वापरायला बंदी केली. म्हणजे गेम वाचला, नाव गेलं. नंतर लेक्स्युलस म्हणून तो चालू राहिला. तुझ्या गेमचं तात्पुरतं नाव सिनेमाच्या नावावर कोटी करून ठेवलंयस ना, ते म्हणून मला सगळ्यात आधी खटकलं.

हिरोच्या चेहऱ्याचं अजून एक आहे. सिनेमाचा हक्क निर्मात्याचा, पण चेहरा आणि आवाज नटाचा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने अनिल कपूरचं नाव, फोटो, आवाज आणि त्याचं ते 'झकास' परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. झकास हा शब्द आपण सगळे रोज वापरतो आणि वापरत राहू, त्याला कुणी अडवलेलं नाही, पण तो अनिल कपूरच्या लकबीत, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या तोंडी घालून विकलास तर प्रश्न येणार. म्हणून मिमिक्री करणाऱ्या मित्राकडून डायलॉग रेकॉर्ड करून घ्यायचा तुझा बेत पण मला पटत नाही.

मग रेफरन्स घालायचेच नाहीत का? घाल की, मला स्वतःला असे गेम प्रचंड आवडतात. पण तुला त्या सिनेमात नक्की काय आवडतं ते आधी शोध. माझ्या मते तुला आवडतं ते भाड्याची खोली टिकवायला एकावर एक थापा मारत जाणं, आणि थाप जितकी मोठी तितकं पुढे निस्तरणं अवघड. हे कुणाच्या मालकीचं नाही आणि ही चक्क गेमची सिस्टीम आहे! प्रत्येक मजल्यावर कुणीतरी अडवतं, थाप मारलीस तर लगेच सुटका, पण ती थाप पुढच्या मजल्यावर तुझ्या मागे लागते. हे तुझ्या सध्याच्या बिल्डमध्ये नाहीच, तिथे फक्त नाणी गोळा करताना आवाज येतात. डायलॉग बंद करून मी खेळून बघितलं तर दुसऱ्या मिनिटाला हात थांबला, आणि खरं सांगू, कॉपीराइटपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली.

तर या आठवड्यात सगळा ऑडिओ आणि हिरोचं चित्र काढून टाक, नुसते चौकोन ठेव, थापेची सिस्टीम बसव आणि तो सिनेमा न बघितलेल्या दोन-तीन जणांना खेळायला दे. त्यांना मजा आली की मग माणसं काढायला घे, तुझ्या ओळखीच्या चाळीतली, त्यांच्या बोलण्याच्या तऱ्हेने. नाव ठरलं की ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे, क्लास ९ (सॉफ्टवेअर), २८ (खेळ-खेळणी) आणि ४१ (मनोरंजन) तिन्ही बघ. आणि अमुक एक मूळ डायलॉग हवाच असं वाटलं तर निर्मात्याला सरळ लिहून परवानगी माग, लेखी उत्तर येईपर्यंत तो बिल्डमध्ये ठेवू नकोस.