कोल्हापुरात टर्फच्या (नकली गवताच्या मैदानांच्या) धंद्यात १५ लाख गुंतवावेत का? कार्पेट ४० एमएमचं घ्यावं की ५०?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग वाचून मी पुढं जाणार होतो. पण शेवटी तुम्ही कार्पेट, म्हणजे नकली गवताचा गालिचा, किती एमएम उंच पात्यांचं घ्यावं ते विचारलंत, म्हणून लिहायला बसलो. २०१८ मध्ये आमच्या घरात याच प्रश्नावर चार दिवस चर्चा झाली होती. कार्पेटखाली काय असावं, यावर चार मिनिटंसुद्धा कुणी बोललं नाही, आणि आमचे पैसे तिथंच गेले.

मी मंगळवार पेठेतला. तालमीच्या संघातून नऊ वर्षं बचावफळीत खेळलो. कोल्हापूरचा फुटबॉल काय आहे हे तुम्हाला सांगायला नको. २०१७ ला आपला अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा पेठेतली बारकी पोरं बूट मागायला लागली होती. शाळा सुटल्यावर खेळायला मैदान मात्र मिळत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यानंतर आमच्या दाजींनी विषय काढला. कसबा बावड्याच्या बाजूला उसाला लागून त्यांच्या ओळखीतली सात गुंठे जागा भाड्यानं मिळत होती. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे माझे. माझे म्हणजे पतसंस्थेचं कर्ज.

जागा काळ्या मातीची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याच्या पोराला माहीत असतं. काम करणाऱ्यानं दोन अंदाज दिले होते. पहिल्यात १०० बाय ६० फुटांच्या मैदानाखालची दीड फूट माती पूर्ण काढायची, म्हणजे ९० ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मग मुरूम, खडी, वर कच (दगडाचा बारीक चुरा), प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. मधून दोन्ही काठांना साडेतीन इंच उतार, आणि काठानं छिद्रांचे पाइप टाकून पाणी बाहेरच्या ओढ्याला. दुसऱ्या अंदाजात वरची चार इंच माती खरवडायची, त्यावर मुरूम, त्यावर कच, संपलं. फरक सव्वादोन लाखांचा.

दाजी म्हणाले, “जमिनीत पैसे पुरून काय मिळतंय? गिऱ्हाईक वरचं गवत बघतंय.” आणि त्या सव्वादोन लाखांतनं ४० ऐवजी ५० एमएमचं कार्पेट आणि वाढीव एलईडी घेतले. मी म्हटलं होतं की एक पाइप तरी टाकूया. ताईच्या घरात, जेवणाच्या ताटावर म्हटलं होतं. आईनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे दाजींच्या शब्दाबाहेर जाऊ नको. मी गप्प बसलो. आज तुम्हाला एवढं लांबण लावतोय ते त्या दिवशी गप्प बसलो म्हणून.

दिवाळीच्या पाडव्याला नारळ फोडला. हिवाळा सुंदर गेला. रात्री सहा ते अकरा एक तास रिकामा नसायचा, दर ८००. मार्चमध्ये परीक्षांनी गिऱ्हाईक कमी केलं. एप्रिलमध्ये कळलं की दुपार विकलीच जात नाही. उन्हात प्लॅस्टिकचं गवत आणि त्यात भरलेलं काळं दाणेदार रबर साठ अंशांच्या वर तापू शकतं. पाणी मारलं की थोडा वेळ थंड, मग पुन्हा तेच. म्हणजे दिवसाचे चोवीस तास धरून कुणी तुम्हाला हिशेब दाखवत असेल तर तो कागद बाजूला ठेवा. विकण्यासारखे तास पाच, आणि वर्षभराची सरासरी धरली तर तीन-साडेतीन.

जून २०१९. पहिल्या मोठ्या पावसानंतर पूर्वेकडच्या गोलसमोर पाणी साठलं. आठवड्यात तिथली माती फुगली आणि कार्पेटला उंचवटा आला. रोल चार मीटर रुंदीचे असतात, दोन रोलांच्या मध्ये खालून पट्टी लावून गोंदानं जोड देतात. खालची जमीन हलली की तो जोड उसवतो. आमचे दोन जोड उसवले. एका पोराचा बूट अडकून पाय मुरगळला. बुकिंगच्या वहीत माझ्याच अक्षरात नोंद आहे: २८ जून, पाणी साठलं, ४०० परत. ६ जुलै, जोड उघडा, ८०० परत. अशा अकरा नोंदी.

मग ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट आहे, पंचगंगा ५५ च्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे बंद, शहर तुटलं. आमच्या मैदानावर पुरुषभर पाणी होतं. ओसरल्यावर गवताच्या पात्यात नदीचा गाळ बसलेला, रबराचे दाणे वाहत जाऊन जाळीला उसाच्या पाचटाबरोबर थापलेले. ते बघून मी खाली बसलो होतो.

त्या दिवसापासून दाजी सगळ्यांना सांगतात, “आमचा टर्फ महापुरानं नेला.” पै-पाहुण्यांत, लग्नात, कुणी विचारलं की हेच. मी पाच-सहा वेळा ऐकून घेतलं. पण वहीतल्या अकरा नोंदी पुराच्या आधीच्या आहेत. पुरानं गाळ आणला, तो दाबाच्या पाण्यानं धुता आला असता, दाणे नवे भरता आले असते. उंचवटे आणि उसवलेले जोड पुरानं केले नाहीत. ते आम्ही दिवाळीआधीच गाडून ठेवले होते.

आता तुमचा प्रश्न. टर्फचा धंदा म्हणालात तर त्यात तीन वेगळे धंदे आहेत. रोल बनवणं हा मोठ्या भांडवलाचा, जगभरातल्या मोठ्या कंपन्यांचा खेळ, आणि त्यातही नाव मोठं म्हणून पैसा सुरक्षित असं नाही. ज्या ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’च्या नावानं अजूनही लोक कुठल्याही नकली गवताला ओळखतात, तो बनवणारी अमेरिकन कंपनी २००४ मध्ये दिवाळखोरीत गेली होती. दुसरा धंदा मैदान काढून तास विकण्याचा, जो आम्ही केला. आमच्यानंतर दोन किलोमीटरच्या आत चार टर्फ निघाले आणि दर ८०० वरून ५०० वर आला. आता त्यातले काहीजण पिकलबॉल या खेळाकडं वळताहेत. तिसरा धंदा बसवण्याचा आणि दुरुस्तीचा. माझं मत विचाराल तर कोल्हापुरात १५ लाखांना हाच. जोड पुन्हा बसवणं, दाणे भरणं, ब्रश मारणं, गाळ धुणं, याला नीट माणूस मिळत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी घातलेली कार्पेटं आता थकायला आलीत. कंपनीवाले आठ-दहा वर्षं सांगतात. आपल्या उन्हात आणि रोजच्या तुडवणुकीत तेवढी टिकलेली मी बघितली नाहीत.

कुणी तुम्हाला जुन्या टायरचे दाणे बनवण्याच्या कारखान्यात भागीदारी देत असेल तर एक लक्षात ठेवा. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये मैदानात भरायच्या प्लॅस्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर बंदी ठरवली, आठ वर्षांच्या मुदतीनं, म्हणजे २०३१ पासून. कारण हे दाणे बुटाबरोबर, पाण्याबरोबर बाहेर जातात. आमचे पंचगंगेत गेले, मी डोळ्यांनी बघितले, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिकडं कॉर्क, नारळाच्या काथ्याचा भुसा असे पर्याय वापरात आहेत. काथ्या आपल्याला घाट उतरला की मिळतो. मला पुढं पैसा तिथं दिसतो.

मैदानच काढायचं असेल तर जागेची पूररेषा आधी बघा. निळ्या पूररेषेच्या आतली, म्हणजे नदीकडची, जागा स्वस्त मिळते, कारण २००५, २०१९, २०२१ सगळ्यांना आठवतं. जागा बिगरशेती आहे का, भाडेकरार नोंदणीकृत आणि निदान नऊ-दहा वर्षांचा आहे का, हे बघा. अकरा महिन्यांच्या करारावर दीड फूट मुरूम कुणी भरू नये. आणि भागीदार नात्यातला असेल तर कोणता खर्च कमी करायचा नाही हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. माझ्याकडं तो कागद असता तर ताटावर मला गप्प बसावं लागलं नसतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. माझे आकडे २०१८ चे आहेत, आज मजुरी आणि माल दोन्ही वाढलेत. आणि तुमची जागा स्वतःची, उंचावरची, मुरमाड असेल, म्हणजे पाचगाव, कळंब्याच्या बाजूला वगैरे, तर मी जे घाबरवलंय त्यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. दाजी माणूस वाईट नाहीत हेही लिहितो. माझ्या कर्जाचे शेवटचे आठ हप्ते त्यांनी न सांगता भरले.

कार्पेट ४० एमएमचं घ्या. आपल्या पाच-पाचच्या खेळाला पुरतं. घसरून टॅकल करणाऱ्याची कातडी ४० वरही जाते आणि ५० वरही जाते, ते मी माझ्या मांडीवर बघितलंय. वाचलेले पैसे खाली घाला. मुरूम-खडीचं काम झालं की कार्पेट अंथरण्याआधी पाच हजार लिटरचा टँकर बोलवा, मधोमध रिकामा करा आणि तिथंच उभं राहून पाणी किती वेळात जातं ते बघा. पंधरा मिनिटांनंतर डबकं उरलं तर काम करणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका. त्या दिवशी मला कळवलंत तर मी येईन. दाजींनाही घेऊन येईन. ते पाणी खाली जाताना त्यांनी एकदा बघावं एवढीच माझी इच्छा आहे.