मनातल्या मनात सराव करून घोटा सावरतो का?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी सांगली जिल्ह्यातली, वय 17, खो-खो खेळते. गेल्या वर्षी खांबाजवळ वळताना उजवा पाय मुरगळला, कट्ट आवाज आला आणि एवढी सूज आली की चप्पल जाईना. एक्स-रेत फ्रॅक्चर नव्हतं म्हणून क्रेप बँडेज बांधून तीन आठवडे घरी बसले आणि परत ग्राउंडवर गेले. तेव्हापासून तोच पाय सारखा वळतो, एकदा तर कॉलेजच्या पायऱ्या उतरताना वळला. आता फिजिओ सरांकडे जाते, एका पायावर उभं राहणं, थेराबँड (ताणायचा रबरी पट्टा), वॉबल बोर्ड (डगमगणारी फळी) सगळं चालू आहे. मागच्या आठवड्यात सर म्हणाले की रोज दहा मिनिटं डोळे मिटून मनात खेळायचं. घरचे म्हणतात बसल्या जागी कुठे पाय बरा होतो, आणि मलाही नीटसं पटलेलं नाही. याचा खरंच उपयोग होतो का? आणि मनात नेमकं काय बघायचं? मी तर मॅच जिंकल्याचं बघते.

उत्तर: तुझ्या सरांनी बरोबर सांगितलंय, आणि ते बोर्डच्या जोडीला सांगितलंय, बोर्डच्या ऐवजी नाही, हे आधी घरच्यांना सांग. जिंकल्याचं बघायला मनाई नाही, छान वाटतं, हुरूप येतो, पण घोट्याला त्याचा काही फायदा नाही. घोट्यासाठी बघायचं ते वेगळं आणि खरं तर बघायचंच नाही, आतून जाणवून घ्यायचं. ते कसं हे सांगते, पण आधी तुझ्या पायात काय झालंय ते समजून घे, म्हणजे हा सराव का सांगितलाय ते तुला आपोआप कळेल.

पाय आत वळून मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या हाडाच्या पुढच्या बाजूचं लिगामेंट सगळ्यात आधी ताणतं किंवा फाटतं. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी नुसती दोरी नाही, त्यात बारीक नसांची टोकं असतात, पाय किती वाकलाय, कुठे कलतोय याची खबर ती मेंदूला देत असतात. 1965 मध्ये इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला की पुन्हापुन्हा वळणाऱ्या घोट्यात ही खबर पोचवणारी यंत्रणा बिघडलेली असते, आणि हलत्या फळीवर तोल सांभाळायचा व्यायाम तेव्हापासूनच रूढ होत गेला. नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं की गोष्ट लिगामेंटपाशीच संपत नाही, मेंदू स्वतःच त्या पायाला वेगळं वागवायला लागतो. असा घोटा असलेले लोक तोल सांभाळायला डोळ्यांवर जास्त विसंबतात, उडी मारून खाली येताना पाऊल टेकायच्या आधीच त्यांचं पाऊल थोडं आत कललेलं असतं. पहिल्या दुखापतीनंतर वर्ष उलटलं तरी पाय वळतोय, दगा देतोय असं वाटत असेल तर त्याला क्रॉनिक अँकल इन्स्टेबिलिटी म्हणतात, आणि तू लिहिलंयस त्यावरून तुझं तेच दिसतंय. सरांना कंबरलँडची, घोटा किती डगमगतो ते मोजणारी, 9 प्रश्नांची आणि 30 मार्कांची प्रश्नावली भरून घ्यायला सांग, दर महिन्या-दोन महिन्यांनी भरली की सुधारणा आकड्यात दिसते.

आता मुख्य गोष्ट. घोटा वळायला लागल्यापासून लिगामेंटला इजा होईपर्यंत सेकंदाचे एक-दोन दशांश जातात, त्याहून जास्त नाही. घोटा सावरतो तो पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या पेरोनियल स्नायूंनी, आणि त्यांना खबर लागून, त्यांनी आखडून, पुरता जोर लावेपर्यंत बहुतेक वेळा वरातीमागून घोडं झालेलं असतं. म्हणून घोटा वाचतो तो पाऊल जमिनीला टेकायच्या आधी स्नायू तयार असतील तरच. ही तयारी मेंदू करतो, आधीच अंदाज बांधून करतो, आणि हालचालीची ही आखणी मनातल्या सरावात करता येते. आपण एखादी हालचाल आतून जाणवून कल्पनेत करतो तेव्हा मेंदूचे ते भाग कामाला लागतात जे खऱ्या हालचालीची आखणी करतात, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये अनेकदा दिसलंय. माझ्या मते तुझ्यासारख्या खेळाडूसाठी याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, कारण ग्राउंडवर पाऊल टेकायचा क्षण इतका झटकन जातो की त्यावर काम करायला वेळच मिळत नाही, आणि मनात तोच क्षण पन्नास वेळा धोक्याशिवाय करता येतो.

मग करायचं कसं? कॉटवर आडवं पडून करू नकोस, झोप लागेल आणि शरीराची ठेवणही चुकीची राहील. खेळाचे बूट घाल, शक्य असेल तर ग्राउंडवरच जा, आणि तू बसतेस तशी पाटीत उकिडवी बसून सुरुवात कर. 2001 मध्ये होम्स आणि कॉलिन्स या दोघांनी खेळाडूंसाठी या सरावाची एक पद्धत मांडली, तिचं सारच हे आहे की शरीराची ठेवण, जागा, काम, वेग, मनातली भावना सगळं खऱ्या खेळाच्या जितकं जवळ तितकं चांगलं. आधी दोन-तीन वेळा खरीखुरी, हळू हालचाल करायची, म्हणजे अंगात ती ताजी राहते, मग डोळे मिटायचे.

आता पाठीवर हात पडला, खो ऐकू आला. तू उठलीस, डावा पाय पुढे, उजवा टेकणार. इथे थांब. उजवं पाऊल हवेत आहे आणि बाहेरच्या घोट्याच्या मागून जाणारी पेरोनियल स्नायूची दोरीसारखी शीर आखडतेय, पाऊल किंचित बाहेरच्या बाजूला उचललं जातंय (ही शीर खरी कुठे आहे ते आधी बोटाने चाचपून ठेव, पाऊल बाहेर वळवलंस की हाताला लागेल). मग टाच, मग अंगठ्याच्या खालचा गादीसारखा भाग जमिनीत रुतला, वजन अंगठ्याकडे आहे, करंगळीकडे नाही, गुडघा बोटांच्या रेषेत, कंबर खाली. पोटरीत ताण जाणवतोय का? जाणवला की पुढे, वळलीस, दुसरं पाऊल. हे स्वतःच्या आतून व्हायला हवं, प्रेक्षकात बसून स्वतःला बघतोय असं नको. लांबून बघणं तंत्र लक्षात राहायला ठीक आहे, पण तुझा घोटा आधीच डोळ्यांवर फार विसंबतोय, म्हणून जाणिवेवर भर दे.

एक चाचणी सांगते, मोबाईलच्या स्टॉपवॉचने घरी करता येते. तीच हालचाल, समजा खांबापासून उठून चौथ्या पाटीपर्यंत जाऊन वळून परत येणं, आधी खरी कर आणि वेळ मोज, मग मनात कर आणि वेळ मोज. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. मनातली वेळ बरीच कमी आली तर समज की मधले टप्पे तू गाळतेयस, आणि गाळलेला टप्पा तोच असू शकतो ज्याची भीती वाटते.

भीतीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण पायऱ्यांवर पाय वळल्याचं लिहिलंस, म्हणून विचारते, खांबाजवळ वळताना आता अंग चोरतेस का? चोरत असशील तर मनात तिथूनच सुरू करायचं नाही. आधी सरळ धाव, मग सावकाश वळण, मग हूल देऊन वळण, शेवटी खांब. मनातल्या मनातसुद्धा पाय वळला असं झालं तर तिथेच थांबायचं, एक पायरी मागे जायचं आणि नीट टेकलेल्या पावलानेच शेवट करायचा. चुकीचं पाऊल मनात घोटलं तर तेच पक्कं होतं.

दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं पुरे, आठवड्यात चार-पाच दिवस, शक्यतो खऱ्या व्यायामाला लागूनच. मन भरकटायला लागलं की बंद. आणि खरं तेच सांगते, घोट्यावर याचा अभ्यास अजून फार झालेला नाही. ग्रीसमध्ये 2007 मध्ये मध्यम प्रकारे पाय मुरगळलेल्या खेळाडूंवर एक छोटा अभ्यास झाला, नेहमीच्या व्यायामाला मनातल्या सरावाची जोड दिलेल्यांच्या स्नायूंचा दम वाढला, पण तोल मात्र नुसता व्यायाम करणाऱ्यांइतकाच राहिला. म्हणून एका पायावर उभं राहणं, बोर्ड, उड्या यातलं काही एक सोडायचं नाही. खेळताना अँकल ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) किंवा टेपिंगही (चिकटपट्टी बांधणं) चालू ठेव, त्याने परत मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं हे चांगलं सिद्ध झालंय. आणि घोट्याच्या आत खोल दुखत असेल, सांधा अडकत असेल, सूज उतरतच नसेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवून एमआरआयचं विचार, कधीकधी कूर्चेला मार लागलेला असतो आणि मग कितीही व्यायाम केला तरी घोडं तिथेच अडतं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या, तेव्हापासून तुझ्यासारख्या कितीतरी मुली जिद्दीने खेळतायत, आणि मला मनापासून वाटतं की तीन आठवडे बँडेज आणि परत ग्राउंड हा प्रकार आता बंद व्हायला पाहिजे. गुरुजी, कोच, पालक कोणीही वाचत असाल तर एवढं करा, मुरगळलेला पाय दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला असं धरून मुलीला खेळवू नका, त्या पायावर डोळे मिटून दुसऱ्या पायाइतकं उभं राहता येतं का ते तरी बघा.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाचा घोटा फ्रॅक्चर झालाय, प्लास्टर आहे, अजून चार आठवडे राहील. तो नुसता मोबाईल बघत पडून असतो. त्याने आत्तापासून मनातला व्यायाम केला तर चालेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: चालेल, आणि माझ्या मते प्लास्टरचा काळ तर यासाठी फारच चांगला, ताई. अमेरिकेत 1992 मध्ये यू आणि कोल यांनी करंगळीवर प्रयोग केला होता, चार आठवडे करंगळी फक्त मनात जोर लावून बाजूला नेली तर ताकद 22 टक्के वाढली, खरा व्यायाम करणाऱ्यांची 30 टक्के. 2014 मध्ये ओहायोत निरोगी लोकांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं, नुसते बसलेल्यांची ताकद जवळपास 45 टक्के घटली आणि मनात जोर लावत राहिलेल्यांची साधारण 24 टक्के. घोटा म्हणजे मनगट नाही, पण मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम टिकून राहतो हे यातून कळतं.

भावाला सांगा, पंजा वर ओढतोय, बाहेर वळवतोय असं पाच सेकंद पूर्ण जोर लावून मनात करायचं, पाच सेकंद सोडायचं, पाय मात्र हलवायचा नाही. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. एक गोष्ट सांभाळा, नुसत्या विचारानेही दुखणं वाढलं, पाय लाल-निळा पडला, जळजळ झाली, बोटं बधिर झाली तर सराव थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. क्वचित काहींना दुखापतीनंतर दुखणं बेसुमार वाढणारा आजार होतो आणि त्यात हालचालीची कल्पनासुद्धा वेदना वाढवू शकते.

प्रश्न: मॅडम, डोळे मिटले की मला काहीच दिसत नाही, फक्त अंधार. आईचा चेहराही दिसत नाही. मग मी हा सराव कसा करू? घोटा दोन वर्षं कुरकुरतोय. (वाचक, नाशिक)

उत्तर: काही लोकांना मनात चित्र उमटतच नाही, 2015 मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅडम झेमन यांनी याला अफँटेसिया असं नाव दिलं. हा आजार नाही, काळजी करू नका. चित्र नसलं तरी हालचालीची जाणीव येत असेल, ती तपासा, डोळे मिटून मूठ आवळल्याची नुसती कल्पना करा आणि हातात काही ताण जाणवतो का बघा. जाणवला तर वर सांगितलेला सराव जाणिवेनेच करा, अंगठ्याखालचा दाब, पोटरीतला ताण, एवढंच. तेही येत नसेल तर मैत्रिणीकडून तुमच्या चांगल्या पायाचा तोल सांभाळतानाचा व्हिडिओ काढून घ्या, तो बघता बघता दुखऱ्या पायाने हळूच तेच करा. बघून करण्यानेही मेंदूचे बरेचसे तेच भाग कामाला लागतात.